हरकतीचे अण्णा

बेळगावच्या टिळकवाडीत अण्णा पुष्कळ. पहिल्या रेल्वे गेटाजवळ उभं राहून नुसती "अण्णा!" अशी हाक मारली तर दोन स्कूटर, एक सायकल आणि एक रिक्षा थांबते. पण "हरकतीचे अण्णा" म्हणाल तर तिसऱ्या गेटापर्यंत माणूस एकच. त्यांचं आडनाव मतदार यादीत चुकीचं छापलंय. त्यावरची त्यांची हरकत अजून निकालात निघालेली नाही, आणि ती निघेपर्यंत आडनाव वापरायचंच नाही असं त्यांनी ठरवलंय. म्हणून आपणही अण्णाच म्हणू.

नोकरी विमा कंपनीत, दाव्यांच्या टेबलावर. समोर आलेल्या कागदात खोट काढण्याचा पगार त्यांना उभी हयात मिळाला. निवृत्तीनंतर पगार थांबला, काम चालू राहिलं. गतिरोधक घातला तर हरकत, काढला तर त्याहून मोठी. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, याला हरकत. हेल्मेटला तर लेखी हरकत. यावरून कुणी त्यांना नुसते विघ्नसंतोषी समजेल, पण गल्लीत पहिलं हेल्मेट अण्णांनीच घेतलं. ते घालून मंगळवार पेठेतून निघाले की लोक म्हणायचे, "अण्णा, घातलात काय शेवटी!"

"माझ्या मर्जीनं घातलोय. पोलीस दिसला की काढतोय."

आणि खरंच काढायचे. आरपीडी क्रॉसला पोलीस दिसला की हेल्मेट हँडलला अडकवायचं, दंड भरायचा, पावती घडी घालून खिशात ठेवायची, आणि कोपरा वळल्यावर हेल्मेट परत डोक्यावर. अशा पावत्यांची त्यांच्याकडे फाइल आहे. "चांगलंच असतंय ओ सगळं. पण मला कोण विचारलंय?" हे त्यांचं पालुपद.

या माणसाच्या वाट्याला २०२१ साल आलं आणि देशभर कोरोनाची लस टोचायला सुरुवात झाली.

जानेवारीत पुण्याहून लशीची पहिली खेप बेळगावला पोचली, तेव्हा अण्णा व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर कपालभाती करत होते. टिळकवाडीबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. व्हॅक्सिन डेपो हे आमच्या फिरायच्या मैदानाचं नाव आहे. जुनी झाडं, पहाटेची थंडी, वॉकिंगची मंडळी, संध्याकाळी क्रिकेट, मधूनमधून प्रदर्शनं, आणि कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात भरलं की महाराष्ट्र एकीकरण समितीचा, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्यांचा, महामेळावाही पूर्वी इथंच भरायचा. पण नाव पडलंय ते खऱ्या लशीवरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथं देवीची लस तयार व्हायची, अख्ख्या मुंबई इलाख्यासाठी. वासराच्या पोटावरचे केस भादरायचे, कातडीवर ओरखडे काढून लस लावायची, काही दिवसांनी फोड आले की ते खरवडून घ्यायचे, ग्लिसरीनमध्ये घोटायचे आणि बारीक नळ्यांत भरून गावोगाव पाठवायचे. गावाकडे 'देवीचा डॉक्टर आला' अशी आवई उठली की बायका पोरांना कणगीत लपवायच्या. सक्तीचे कायदेही होतेच. मुंबई शहरासाठी १८७७चा, जिल्ह्यांसाठी १८९२चा.

आणि याच टिळकवाडीत डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आमच्याकडे. त्या वेळी खणलेली विहीर अजून काँग्रेस रोडला आहे. आता गंमत अशी की गांधीजींचा देवीच्या लशीला ठाम विरोध. वासराच्या अंगातून काढलेला तो घाण प्रकार त्यांना अजिबात मान्य नव्हता, तसं त्यांनी लिहूनही ठेवलंय. म्हणजे लसविरोधक महात्मा एकीकडे आणि लस बनवणारा डेपो दुसरीकडे, मध्ये चालत जाण्याइतकं अंतर. अधिवेशनाच्या धामधुमीत गांधीजींना कुणी डेपो दाखवायला नेलं नाही, हे बरंच झालं म्हणायचं.

अण्णांना हे सगळं पाठ आहे. कपालभाती थांबवून, पोट आत घेतलेलंच ठेवून ते मला म्हणाले, "काय ओ लेखक, गांधींनी काय म्हटलंय ते लिवा की एकदा तुमच्या पेपरात. आणि इंग्लंडात लेस्टर म्हणून गाव आहे. १८८५ला तिथं सक्तीच्या लशीविरुद्ध केवढा मोर्चा निघाला होता! हजारांनी माणसं. तिथंबी समिती असणार बघा."

बोलताना बाहीविरहित बनियनमधून त्यांचा डावा दंड दिसत होता. त्यावर देवीच्या लशीचे दोन गोल वण, जुन्या चार आण्याएवढे, चांगले ठसठशीत.

"अण्णा, हे काय मग?"

"हे? हे शाळेत टोचले. धरून. मला कोण विचारलं?" आणि मग छाती पुढे काढून, "पण आम्हाला देवी आल्या काय कधी? सांगा की!"

एकाच दंडाच्या जोरावर त्यांनी लशीची बाजूही मांडली आणि विरोधकांचीही. वकील झाले असते तर दोन्ही पक्षकारांकडून फी घेतली असती.

बाहेरच्या माणसाला हा नुसता हेकटपणा वाटेल. पण बेळगावात 'सक्ती' म्हटलं की पुढे 'विरोधी' आपोआप लागतं, आणि ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही. १९८६च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला हुतात्मा स्मारक आहे, दर १ जूनला लोक तिथं जमतात. त्या आंदोलनासाठी छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले होते, ही गोष्ट आमच्याकडे अजून रंगवून सांगतात. अण्णा तेव्हा तरणेबांड. त्यांनी लाठी खाल्ली. पाठीवर की पोटरीवर, हे सालागणिक बदलतं, पण खाल्ली हे खरं. सरकारी कागदाकडे बघायची जी नजर त्या पिढीला तेव्हा लागली, ती काही सुटली नाही. कागद एकाच भाषेत आला की त्यात गुंडाळलेलं औषधसुद्धा आधी हुंगून बघायचं. मला त्यात फारसं वावगंही दिसत नाही. फक्त त्या औषधाची मुदत संपेपर्यंत हुंगत बसू नये.

मार्चमध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. आशाताई वही घेऊन दारात आल्या. बाई अनगोळच्या, बोलायला गोड.

"अण्णा, लस घेतलात काय?"

"मराठीत परिपत्रक आणलीस?"

"मी मराठीतच बोलालोय की ओ."

"तू बोलालीस. कागद कुठं बोलालाय?" आणि मग अण्णांनी त्यांना पायरीवर बसवून पंधरा टक्क्यांचा नियम समजावून सांगितला. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर असतील तिथं परिपत्रकं त्यांच्या भाषेत हवीत, ही समितीची जुनी मागणी. "आधी कागद मराठीत द्या, मग मी दंड पुढं करतोय."

आशाताईंनी वहीत काहीतरी लिहिलं. अण्णांनी मान लांब करून बघितलं. कन्नडमध्ये होतं. त्यावरही हरकत नोंदवली गेली.

काकू आतून म्हणाल्या, "अगं, चहा घेऊन जा. त्यांचं काय, ते चहालाबी विचारल्याशिवाय घेत नाहीत." काकूंनी स्वतः त्याच आठवड्यात जाऊन लस घेतली होती. येताना गोवावेसला भाजी घेतली, घरी येऊन कुकर लावला. अण्णांना हे चार दिवसांनी कळलं. त्यांना विचारलं नव्हतं.

एप्रिल उजाडला आणि महाराष्ट्रातून बातम्या येऊ लागल्या की साठा संपत आला, केंद्रं बंद पडताहेत. सकाळी 'तरुण भारत' उघडल्याबरोबर अण्णांचा चेहरा पालटला. जी वस्तू संपते ती चांगली असते, हा आपल्याकडचा सिद्धांत रॉकेलपासून कुंद्यापर्यंत सगळ्यांना लागू आहे. त्यात भर म्हणजे ती महाराष्ट्रात संपत होती.

"लेखक, ही लस कुठली ओ?"

"पुण्याची. सीरम इन्स्टिट्यूट."

"आणि इथं टोचालेत ती?"

"तीच."

"तीच कशी असेल? इथं ती कर्नाटकाची होऊन आली की." थोडा विचार करून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "घेतलो तर महाराष्ट्रात घेणार."

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की बाची, आणि पुढे शिनोळी. बाची कर्नाटक, शिनोळी महाराष्ट्र, तालुका चंदगड. एरवी माणसं एका राज्यात म्हैस बांधतात आणि दुसऱ्यात दूध घालतात. कोरोनात मात्र मध्ये पोलीस बसले. हायवेला कोगनोळीला नाका, इकडे बाचीला नाका, आणि अहवाल दाखवा, पास दाखवा. अण्णांनी पहिल्यांदा वेषांतराचा विचार केला होता म्हणे. काकूंनी विचारलं, "कशाचं वेषांतर? मास्क काढलात की कोण ओळखंना झालंय." शेवटी चंदगडकडच्या एका काजूवाल्या दोस्ताच्या गाडीवर मागे बसून शेतातल्या वाटेनं ते पलीकडे गेले. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं आधार कार्ड बघितलं.

"आजोबा, पत्ता बेळगावचा आहे."

"बेळगाव महाराष्ट्राचंच आहे. केस सुप्रीम कोर्टात आहे, २००४ पासून."

अण्णांच्या मागे रांग होती. सिस्टरनं केस न ऐकता सुई टोचली. ही सगळी हकिकत अण्णांनी मला स्वतः सांगितली, आणि सांगताना टोचल्याची तक्रार एकदाही केली नाही. संध्याकाळी ताप आला, तर तो चार घरं फिरून सांगितला. जणू पुरस्कारच मिळाला होता. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्राची प्रिंट काढून आणली. इंग्रजी आणि खाली मराठी. ते मराठी त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग काकूंना, मग कचरा न्यायला आलेल्या पोराला. कोपऱ्यात पंतप्रधानांचा फोटो होता, त्याला मात्र हरकत. "टोचला सिस्टरनं, फोटो यांचा!" मग ते लॅमिनेट करून घेतलं. आता हे प्रमाणपत्र एकाच डोसचं होतं, दुसऱ्या डोसनंतर नवं येणार होतं. पण ते सांगायचं धाडस दुकानदाराला झालं नाही.

दुसरा डोस लांबला. मे महिन्यात सरकारनं दोन डोसमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे केलं. अण्णांनी त्यावर रीतसर हरकत घेतली, पण ती कुणाकडे पाठवायची हे ठरेना. त्याच सुमारास नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यापासून चमचे आणि नाणी चिकटतात, अशी बातमी टीव्हीवर झळकली. त्या रात्री मी त्यांच्याकडे गेलो तर अण्णा दिवाणावर उघडे बसलेले, छातीवर एक स्टीलचा चमचा, खांद्याला दहाचं नाणं. काकू आमटी वाढायला पळी शोधत होत्या. पळी अण्णांच्या पाठीवर होती.

"बघा! चिकटलंय की नाही? लोहचुंबक घातलेत आत."

स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टीलला चुंबक चिकटतच नाही, हे सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात काकू टाल्कम पावडरचा डबा घेऊन आल्या, नवऱ्याच्या छातीवर भसाभस ओतली आणि आत निघून गेल्या. चमचा खण्णकन पडला. नाणं गेलं दिवाणाखाली. पळी तेवढी थोडी रेंगाळली, कारण पाठीवर पावडर पोचली नव्हती. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनीही त्या दाव्यातली हवा काढली, पण काकूंच्या हाताची सफाई त्यात नव्हती.

दुसऱ्या डोसला अण्णा परत पलीकडे गेले, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. आणि तिथंच त्यांचा घात झाला. जुलैअखेर कर्नाटक सरकारनं फर्मान काढलं होतं की महाराष्ट्रातून येणाऱ्यानं लस घेतलेली असो वा नसो, ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल दाखवलाच पाहिजे. या वेळी अण्णा दोन डोसचा ताठा घेऊन राजरोस रस्त्यानं आले. बाचीच्या नाक्यावर पोलिसानं अडवलं.

"रिपोर्ट?"

अण्णांनी लॅमिनेट केलेला कागद पुढे केला.

"हे नको. रिपोर्ट."

"लस घेतलो की!"

"लस तुमच्या मर्जीची. रिपोर्ट सक्तीचा."

आयुष्यभर जे वाक्य आपण म्हणायचं ते खाकी गणवेशातल्या माणसानं म्हणावं, हे अण्णांना फार लागलं. तासभर ते नाक्यावरच्या बाकावर बसले. मग काजूवाला त्यांना मागल्या मागं शेतातून घेऊन आला. चिखलात चप्पल गेली. या चपलेची भरपाई कर्नाटकानं द्यावी की महाराष्ट्रानं, यावर त्यांचं पत्र संपादकांकडे पडून आहे.

डिसेंबर आला. देशातले ओमिक्रॉनचे पहिले दोन रुग्ण बंगळुरात सापडले आणि दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला की मॉलमध्ये, सिनेमाला दोन डोस घेतलेल्यांनाच प्रवेश. त्याआधी औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी लस नसेल तर पेट्रोल नाही, रेशन नाही असं फर्मावलंच होतं. केंद्र सरकार म्हणत होतं लस ऐच्छिक आहे, आणि पंपावरचा पोरगा म्हणत होता दाखवा. ऐच्छिक म्हणायचं आणि दारं बंद करायची, ही खोड सरकारला जुनी आहे. या एका बाबतीत मी अण्णांच्या बाजूचा.

अण्णा काकूंना घेऊन सिनेमाला गेले. मीही होतो. दारावरच्या पोरानं विचारलं, "सर, सर्टिफिकेट?"

"दाखवणार न्हाई."

"घेतलाय काय डोस?"

"ते तुला कशाला पाहिजे?"

अण्णांचा शर्ट पांढरा, पातळ. खिशातला लॅमिनेशनचा कागद ट्यूबलाइटखाली लखलखत होता. दोन डोसांचा नवा कागद, मराठी मजकूर आरपार दिसत होता. पोरगं खिशाकडं बघत म्हणालं, "सर, दिसालंय की. जावा आत."

"तू बघितलास कसा? मी दाखवलो काय?" अण्णा उसळले. "आता तर जाणारच न्हाई."

काकूंनी आपला मोबाइल दाखवला आणि आत गेल्या. मध्यंतरात बाहेर आल्या, अण्णांच्या हातावर मूठभर पॉपकॉर्न ठेवलं, म्हणाल्या "बरा आहे सिनेमा," आणि परत आत. अण्णा पायरीवर बसून तत्त्व राखत होते. नंतर आठवडाभर सिनेमाचा शेवट त्यांनी तिघांना विचारला. काकूंना मात्र नाही.

२ मे २०२२. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि गवई. कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, माणसाच्या शरीरावर त्याचा हक्क. त्याच निकालात सरकारचं लसधोरण अवाजवी नाही असंही म्हटलं होतं, आणि साथ ओसरलेली असताना लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध योग्य ठरत नाहीत, ते तूर्त मागे घ्यावेत, असंही. अण्णांनी पहिलं वाक्य वाचून पेपर मिटला. कुंद्याचा पुडा आणला. दुसऱ्या सकाळी व्हॅक्सिन डेपोवर प्रत्येकाच्या तळहातावर कुंदा. "गवई आपले, अमरावतीचे!" जणू निकाल लिहिताना त्यांनी अण्णांनाच विचारलं होतं.

"आता काय अण्णा? जिंकलात."

"आता बूस्टर घेणार."

"काय?"

"आता सक्ती न्हाई की! आता मर्जी. दुसऱ्या डोसाला नऊ महिने झाले, मी बसतोय नियमात." शिवाय साठीच्या वरच्यांना सरकारी केंद्रात फुकट. या खेपेला पलीकडे जाण्याचाही प्रश्न नव्हता. कोर्टानं विचारलंय म्हटल्यावर कर्नाटकाची लससुद्धा चालणार होती.

केंद्रात गेलो तर कुत्रं नव्हतं. एक वर्षापूर्वी जिथं पहाटे पाचपासून चपलांची रांग लागायची, तिथं सिस्टर स्वेटर विणत बसलेल्या.

"अज्जा, थांबावं लागंल. एका बाटलीत दहा डोस. उघडली की चार तासांत संपवायला पाहिजे. दहा माणसं झाली की फोडते."

"आत्ता किती आहेत?"

"तुम्ही."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. माझी साठी अजून लांब होती, तो माझा बचाव. मग ते स्कूटरला किक मारून निघाले, हेल्मेट न घालता, घाईत. तासाभरात व्हॅक्सिन डेपोवरची वॉकिंगची टोळी केंद्राच्या दारात. पाच जण रिक्षातून, दोघे चालत, कुलकर्णी मास्तरांचा तर मॉर्निंग वॉकचा एक बूट मैदानावरच राहिलेला. नववे होते देशपांडे वकील, ते दारातच आखडले.

"अण्णा, मी नाही घेणार ओ. कोर्टानं सांगितलंय सक्ती नाही. तुम्हीच कुंदा वाटलात."

"तुम्हाला सक्ती कोण करालंय?" अण्णांनी त्यांचा शर्टाचा हात कोपरापर्यंत वर सारत म्हटलं. "बाटली वाया जाती ओ. बसा. सिस्टर, यांना आधी टोचा, पळून जातील."

"अण्णा, मला विचारा तरी!"

"विचारतोय की. डावा का उजवा?"